शांतता समितीत बाई कुठे बसते?

(आपल्या गटाच्या निवासी शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मला विषय दिलाय 'धार्मिक सलोखा आणि धर्मसमाजांचं सार्वजनिक काम'. जेवणानंतरची वेळ, त्यात हा विषय. डोळे मिटले तर मी रागावणार नाही.

सलोखा म्हटलं की आपल्यासमोर एक फोटो येतो. एक गोल टोपी, एक भगवा फेटा, एखादे फादर, मधोमध पोलीस साहेब, आणि सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून वर केलेले. गणपती आणि ईदच्या आधी पेपरात दरवर्षी हा फोटो छापून येतो. आमच्या गावचे असे फोटो मी गेली नऊ वर्षं कापून एका वहीत चिकटवते आहे. परवा इथे यायचं म्हणून ती वही चाळली. सगळ्या फोटोंत मिळून बायका पाच. त्यात दोनदा मीच आहे. एकदा हाराचं तबक धरलेली नगरपालिकेची शिपाईबाई आहे. आमच्या नगरसेविका त्या समितीवर आहेत, पण फोटोत त्या कधीच नाहीत. त्यांच्या जागी त्यांचे मिस्टर येतात.

माझं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माणसं ओळखू येतील.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. आपल्या चळवळीत आपण धर्म म्हटला की लगेच कपाळाला आठ्या घालतो. मीही घालते. पण आमच्या भागात धर्मसमाजांनी उभं केलेलं काढून टाकलं तर काय उरेल, हा हिशोब एकदा करून बघा. मिरजेचं मिशन हॉस्पिटल विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली उभं केलं. माझ्या आजीचं ऑपरेशन तिथे झालं, आणि ती आयुष्यभर 'मिशनमध्ये पोट उघडलं' असं अभिमानानं सांगायची. मिरजेलाच ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीतही मशिदीत गणपती बसवायची पद्धत आहे, आणि गणपतीत बकरी ईद आली तेव्हा तिथल्या मुसलमानांनी आपणहून कुर्बानी पुढे ढकलली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं ईदच्या खरेदीला फाटा देऊन, जकातीचे पैसे गोळा करून छत्तीस लाख रुपये सरकारी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाला दिले. दहा खाटांचा विभाग. त्या खाटांवर कुठल्या धर्माचा पेशंट झोपला हे कोणी विचारलं नाही.

ही कामं खोटी नाहीत, दिखाऊही नाहीत. मात्र एक सांगा, कुर्बानी पुढे ढकलायचं ठरलं त्या बैठकीत बायका होत्या का? मला माहीत नाही, पण आमच्या गावच्या अशा बैठकांना मी बसलेली आहे, त्यावरून अंदाज करू शकते. सण बाईच्या हातांवर चालतो, आणि सणाचा निर्णय चौकात होतो.

आता थोडं मागे जाऊ या, कारण तरुण मुलींना हे ठाऊक नसतं. भिवंडी. १९७० मध्ये तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भीषण दंगल झाली, त्यावर न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. १९८४ मध्ये पुन्हा दंगल. प्रत्येक दंगलीआधी गावात शांतता समिती होतीच! पुढारी, व्यापारी, प्रतिष्ठित, म्हणजे पेटवणारे आणि विझवणारे एकाच टेबलावर. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त होते. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या केल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी माणसं घेतली, पुढाऱ्यांना शक्यतो बाहेर ठेवलं, पोलिसांना त्यांच्यात नेऊन बसवलं, आणि दंगल नसतानाही बैठका चालू ठेवल्या. बोलणं धर्मावर कमी आणि गटार, नळ, चोरी, भांडण यांवर जास्त. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगानं दोन्ही टप्प्यांतले मृत्यू मोजले ते ९००. त्यांत मुसलमान ५७५, हिंदू २७५, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. भिवंडी मात्र शांत राहिली.

मग मुंबईनं तेच उचललं. १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे अशा मंडळींनी मोहल्ला कमिटी चळवळ सुरू केली. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे या दोघांनी पोस्टर काढलं, वेगवेगळ्या धर्मांच्या वेशातली मुलं आणि खाली 'हम सब एक हैं'. त्या दोघांच्या मैत्रीवर 'नाता' नावाचा माहितीपट २००३ मध्ये निघाला. मिळाला तर आपापल्या गटात जरूर दाखवा.

भिवंडीची गोष्ट इथेच संपवली तर ती फार गोड होईल. जुलै २००६ मध्ये तिथेच कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले. गोळीबारात दोघं गेले, आणि जमावानं दोन पोलिसांना ठार मारलं. म्हणजे समिती एकदा केली की कायमची टिकते असं नाही. ती रोज जिवंत ठेवावी लागते. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला 'कम्युनिटी ऑर्गनायझेशन'चा पेपर होता. त्यात समिती कशी स्थापन करावी यावर वीस मार्कांचा प्रश्न यायचा. समिती मरते कशी, यावर दोन मार्कांचाही नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायची की नाही यावर मी काल रात्रभर विचार केला.

नोव्हेंबर २०२१. आमच्या गावातली एकवीस वर्षांची मुलगी, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या धर्माचा चोवीस वर्षांचा मुलगा, मोबाईल दुरुस्तीचं दुकान. कोण कुठल्या धर्माचं ते मी सांगणार नाही. सांगितलं की निम्म्या जणी त्या क्षणापासून वेगळं ऐकायला लागतील, हे मला अनुभवानं कळलंय. दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी नोटीस दिली. हा १९५४ चा कायदा कागदावर फार सुंदर आहे. कोणी धर्म बदलायला नको, भटजी-काझी नको. पण नोटीस कार्यालयात लावायची आणि तीस दिवस थांबायचं. हरकत कुणीही घेऊ शकतो. खरं तर हरकतीची कारणं मोजकीच आहेत, वय, आधीचा जोडीदार, मानसिक स्थिती, जवळचं नातं. धर्म वेगळा ही हरकत होऊच शकत नाही. पण मोबाईलवर फोटो काढायला हरकतीचं कारण लागत नाही. बाराव्या दिवशी कुणीतरी त्या नोटिशीचा फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर होता.

रात्री नऊला मला फोन. 'मॅडम, शांतता समितीची तातडीची बैठक आहे, महिला प्रतिनिधी पाहिजे.' सभागृहाबाहेर तीनेकशे माणसं. काहींच्या हातात काठ्या. आत आम्ही बावीस जण, त्यात बाई मी एकटी. मुलगी शेजारच्या खोलीत महिला पोलिसाबरोबर बसलेली. एक गोष्ट तुम्हाला सांगते, त्या समितीत मी पाच वर्षं होते. मिरवणुकीचा मार्ग, भोंग्याचा आवाज, कमानीची जागा, एकाही प्रश्नावर दोन्ही बाजूंचं एकमत मी पाहिलं नव्हतं. त्या रात्री चाळीस मिनिटांत एकमत झालं. मुलगी घरी जाईल. मुलगा सहा महिने गावाबाहेर जाईल. दोन्हीकडचे ज्येष्ठ उठून एकमेकांना भेटले. एकानं डोळे पुसले. कागद तयार झाला, 'मुलगी स्वखुशीने आईवडिलांकडे जात आहे.' तिनं सही केली. साक्षीदार म्हणून मी सही केली.

मैत्रिणींनो, मला कायदा ठाऊक नव्हता असं नाही. हादियाच्या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की सज्ञान व्यक्तीनं कोणाशी लग्न करावं हा तिचा स्वतःचा प्रश्न आहे. त्याच वर्षी शक्तिवाहिनी निकालात न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जात-जमातीच्या पंचायतींनी पडायचं काम नाही, आणि अशा जोडप्यांना संरक्षण द्यायचं काम प्रशासनाचं. कॉलेजात मुलींसमोर यावर मी भाषणं केली होती! आणि त्या रात्री शेजारच्या खोलीत जाऊन तिला एवढंही विचारलं नाही की, 'बाळा, तुला काय पाहिजे?' बाहेरचा गलका ऐकू येत होता, मी घाबरले होते, आणि खरं सांगायचं तर त्या टेबलावर मला मिळालेली खुर्ची मला घालवायची नव्हती. नऊ माणसं माझ्याकडे बघून मान हलवत होती. मीही हलवली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. 'सामंजस्यानं तणाव निवळला.' तोही माझ्या वहीत आहे.

दीड-दोन वर्षांनी ती मला एसटी स्टँडवर भेटली. कडेवर मूल. तीन महिन्यांत लांबच्या गावी लग्न लावून दिलं होतं. नर्सिंग राहिलं ते राहिलंच. मी विचारलं, बरी आहेस ना. म्हणाली, 'बरी आहे ताई, मारत नाही.' मला आधी हायसं वाटलं, आणि मग आपल्याला कशानं हायसं वाटलं याची लाज वाटली. गाडी लागली तशी ती उठली आणि अगदी साधेपणानं म्हणाली, 'त्या रात्री तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. मला चहा पाठवलात. विचारायला आला नाहीत.'

यावर आमच्या मौलानांशी मी नंतर बोलले, आणि मठाच्या स्वामींशीही. दोघंही सज्जन आहेत, हे मी उपरोधानं म्हणत नाही. महापुरात त्यांना मी कमरेएवढ्या पाण्यात बघितलंय. मौलाना म्हणाले, 'बेटी, उस रात शहर जलता तो? औरतें ही सबसे पहले मरतीं.' हे खोटं आहे का? नाही. १९९२-९३ आठवा. म्हणून मी तुम्हाला सोपं उत्तर देऊ शकत नाही. बाहेर काठ्या घेतलेली माणसं खरीच होती. पण जमाव आवरायचं काम पोलिसांचं होतं, आणि ते आम्ही एका एकवीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यात घातलं. एवढं मला आता कळतं.

आणि हे एका गावचं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागानं आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांसाठी राज्यस्तरीय समन्वय समिती नेमण्याचा निर्णय काढला. अशी लग्नं केलेल्या मुलींची माहिती गोळा करायची, माहेराशी समन्वय साधायचा. ओरड झाल्यावर दोन दिवसांत 'आंतरजातीय' हा शब्द काढला, 'आंतरधर्मीय' तेवढा ठेवला. श्रद्धा वालकरचा खून नुकताच उघडकीस आला होता, सगळे हादरलेले होते, मीही. पण जोडीदाराच्या हिंसेवर २००५ चा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. ती पदं भरा, त्यांना गाडी द्या, टेलिफोन द्या. ते सोडून मुलींची यादी करायची! आमच्या गावानं जे एका रात्री केलं तेच हे, शिक्क्यानिशी.

मग बायकांचा सलोखा असतो की नाही? असतो, पण त्याचा फोटो निघत नाही. आपल्याकडे त्याची परंपराही आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम बायकांनी तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. सात! आणि १९८८ मध्ये संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या मंडळींनी परित्यक्तांची परिषद घेतली, तेव्हा टाकलेल्या बाईचा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आला. टाकलेल्या बाईला कुठल्याच धर्मात वेगळा शब्द नाही, आणि सगळ्यांत तिची जागा एकच आहे, माहेरच्या पडवीत.

हे मला पुस्तकातून नाही, २०१९ च्या महापुरात कळलं. ऑगस्टमध्ये पाणी चढलं. मशीद, मठ, जैन मंदिराचा हॉल, सगळं उघडलं गेलं, आणि आमच्या दोन्ही वस्त्यांतल्या बायका एका शाळेत आल्या. पहिल्या दिवशी चुली वेगळ्या. दुसऱ्या दिवशी लाकडं भिजली, गॅस एकच आला, चूल एक झाली. तिसऱ्या दिवशी भांडण, पण धर्मावरून नव्हे, तर भात गिजगा कोणी केला यावरून. मदत यायला लागली. मशिदीची यादी, मठाची यादी, तहसीलची यादी. तिन्ही याद्या कुटुंबप्रमुखाच्या नावानं. ज्यांचा नवरा सोडून गेलेला, रेशनकार्डावर नाव अजून सासरीच, अशा साठ-पासष्ट बायका एकाही यादीत नव्हत्या. त्यात दोन्ही वस्त्यांतल्या होत्या, तीन ख्रिस्ती होत्या. मोमीन गल्लीतल्या एका खाला मला म्हणाल्या, 'हमकू कौन पुछता?' आणि त्यांनीच शाळेच्या फळ्यावर खडूनं चौथी यादी करायला घेतली. लिहिता येत नव्हतं, सांगत होत्या, शेजारची माळ्याची सून लिहीत होती. ती यादी घेऊन आम्ही आधी मौलानांकडे गेलो, मग मठात. दोघांनी त्याच दिवशी धान्य दिलं. धर्मसमाजाकडे जे असतं ते सरकारकडे नसतं. कागदाशिवाय देण्याची ताकद त्यांच्याकडे असते. मात्र कोणाला द्यायचं हे दाखवायला कोणीतरी बाई दारात जाऊन उभी राहावी लागते.

त्या चौथ्या यादीतून आमचा मंगळवारचा गट झाला. रेशनकार्ड वेगळं करून घेणं, पोटगीचे अर्ज, नळाच्या वेळा. एसटी स्टँडवरच्या त्या भेटीनंतर मी गटासमोर माझ्या सहीची गोष्ट सांगितली. दोघीतिघी उठून गेल्या. त्यांच्या नात्यातली होती ती मुलगी. खाला म्हणाल्या, आता रडून काय उपयोग, पुढच्या वेळी आधी आम्हाला बोलव.

पुढची वेळ आलीच. जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, तेव्हा सगळा जिल्हा आणि आजूबाजूचे तालुके ताणलेले होते. त्याच सुमारास एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा विषय समितीपुढे आला. दुसऱ्या धर्माच्या मुलाबरोबर बसस्टॉपवर दिसली एवढंच. मी म्हटलं, मुलीला आम्ही आधी भेटू, तिला विचारल्याशिवाय कागद होणार नाही. दोघं जण खुर्च्या सरकवून निघून गेले. खाला आणि माळ्याची सून तिच्या घरी गेल्या, आईला बाहेर बसवून तिच्याशी बोलल्या. मुलगी म्हणाली, मला त्याच्याशी लग्न करायचं नाही, कोणाशीच करायचं नाही, मला पोलीस भरतीची परीक्षा द्यायची आहे, तो मला नोट्स देतो. इतकंच होतं! बायकांनी हे जसंच्या तसं समितीत सांगितलं. गाव पेटलं नाही. मुलगी अजून धावायला जाते, पहाटे, भावाबरोबर. भाऊ बरोबर असावाच ही अट मात्र आम्हाला सोडवता आली नाही.

यंदा समितीची नवी यादी निघाली, तिच्यात माझं नाव नाही. 'नव्या लोकांना संधी' असं कारण सांगितलं. नवी महिला प्रतिनिधी एका माजी पदाधिकाऱ्यांच्या पत्नी आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन आले. घाबरलेल्या आहेत, पण यायला तयार आहेत, मिस्टरांना न पाठवता.

गणपतीआधीची बैठक येत्या सोमवारी सकाळी अकराला आहे. बैठक खुली आहे, असं नोटिशीतच छापलंय. गटातल्या सोळा जणी जाणार आहोत. मागच्या वेळी खुर्च्या नाहीत म्हणून आम्हाला दारात उभं केलं होतं, तेव्हा यावेळी मंगळवारची सतरंजी बरोबर नेतोय. तुमच्यापैकी जवळच्या गावांतून कोणाला यायचं असेल तर चहाच्या सुट्टीत माझ्याकडे नाव द्या. दहाची एसटी धरली तर वेळेवर पोचाल.